प्रवेशअर्जावरचे आडनाव

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच व्यासपीठावर इयत्ता चौथीत असताना पाठ केलेले भाषण मी मध्येच विसरलो होतो. बाईंनी पडद्याआडून पुढचे वाक्य सांगितले म्हणून निभावले. आज पडद्याआड कोणी नाही, तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्यावे.

विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली होती. मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. शाळेचा हीरकमहोत्सव आणि भाषण कोणावर, तर दूरचित्रवाणीवर प्रश्न विचारणाऱ्या सूत्रसंचालकावर! परंतु अमिताभ बच्चन या नटाविषयी मला आज फारसे बोलायचे नाही. त्यांच्या घराण्याविषयी आणि त्या घराण्यातील भाषेविषयी बोलायचे आहे.

३ जुलै २००० रोजी रात्री ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, १९९८ मधला. चौकट तीच, खुर्ची तीच, चार पर्याय तेच. अमिताभजी त्या वेळी ५७ वर्षांचे होते. चित्रपट चालत नव्हते आणि स्वतःच्या कंपनीच्या कर्जाचा डोंगर डोक्यावर होता. मोठ्या पडद्यावरच्या नटाने छोट्या पडद्यावर येणे म्हणजे पायरी उतरणे, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. पुढे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रात्री नऊ वाजता रस्ते ओस पडू लागले. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा आपला मराठी तरुण या कार्यक्रमातील पहिला कोट्यधीश झाला. घराघरांत त्या दिवशी पेढे वाटावेत असा आनंद झाला होता.

परंतु लोक केवळ पैशांचा खेळ पाहायला बसत नव्हते. पडद्यावरून एक भाषा घरात येत होती. स्वच्छ, भारदस्त, तरीही आपुलकीची हिंदी. समोर अधिकारी असो वा शेतमजूर, लहान मूल असो वा आजी, संबोधन ‘आप’ हेच. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे त्या खुर्चीत बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे त्यांचे काम, महिन्याचे मानधन १५०० रुपये. त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. ज्या आदराने एखाद्या विदुषीशी बोलावे, त्याच आदराने यजमान त्यांच्याशी बोलत होते. असे बोलणे एखाद्या कार्यक्रमापुरते शिकवून येत नाही. ते घरातून यावे लागते.

ते घर अलाहाबादचे, म्हणजे आजच्या प्रयागराजचे. पूर्वज प्रतापगढ जिल्ह्यातील बाबूपट्टीचे, कायस्थ, आडनाव श्रीवास्तव. १९०७ साली या घराण्यात हरिवंशराय जन्मले. लहानपणी घरात त्यांना ‘बच्चन’, म्हणजे बाळ, अशी हाक मारीत. तीच हाक त्यांनी कवी म्हणून नावापुढे लावली. १९३५ साली ‘मधुशाला’ प्रसिद्ध झाली आणि कविसंमेलनांत या नावाचा गजर होऊ लागला. पुढच्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी श्यामा क्षयाने गेली. काही वर्षांनी त्यांनी तेजी सुरी यांच्याशी विवाह केला. तेजीजी शीख घराण्यातल्या, लाहोरला मानसशास्त्र शिकवणाऱ्या. त्या काळात असा विवाह करणे किती कठीण होते, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

११ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांना पहिला मुलगा झाला. ‘अमिताभ’ हे नाव कविवर्य सुमित्रानंदन पंतांनी सुचवले. मुलगा शाळेत घालण्याजोगा झाला तेव्हा प्रवेशअर्जावर आडनाव लिहिण्याचा प्रश्न आला. जात सांगणारे आडनाव पुढे चालवायचे हरिवंशरायांच्या मनात नव्हते. तेव्हा आईवडिलांनी त्या रकान्यात कवीचे टोपणनाव लिहिले. घराण्याचे आडनाव बदलले ते एका शाळेच्या अर्जावर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पूर्वजांकडून आलेले काय पुढे न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा निर्णय त्या दांपत्याने एका रकान्यात करून टाकला. जात मागे ठेवली आणि कविता पुढे नेली.

हरिवंशराय अलाहाबाद विद्यापीठात शिकवीत असत इंग्रजी. १९५२ साली ते केंब्रिजला गेले, कवी येट्स यांच्यावर प्रबंध लिहून डॉक्टर होऊन परतले. त्या काळात तेजीजींनी अमिताभ आणि धाकटा अजिताभ यांना एकटीने सांभाळले. केंब्रिजहून परतलेला हा प्राध्यापक आयुष्यभर लिहीत राहिला तो हिंदीत. शेक्सपिअरची नाटके त्याने हिंदीत आणली, परराष्ट्र मंत्रालयात बसून सरकारी कागदांची हिंदी घडवली, आपले आत्मचरित्र चार खंडांत लिहिले. इंग्रजीशी त्याचे वैर नव्हते. पोटाला इंग्रजी होती, परंतु घरात हिंदी बोलली, वाचली, गायली जात होती.

इथे एखादे पालक मला अडवतील आणि त्यांनी अडवावेच. ते म्हणतील, ‘‘अहो, अमिताभ बच्चन स्वतः शिकले ते नैनितालच्या इंग्रजी शाळेत. त्यांचे काय बिघडले?’’

प्रश्न रास्त आहे. काहीच बिघडले नाही, कारण घरी हरिवंशराय होते. सुट्टीत मुलगा परतला की घरात कवी बसलेले असत, त्यांच्या वाचनाचे सूर कानांवर पडत. शाळेने न दिलेली भाषा घराने दिली. परंतु मित्रहो, प्रत्येक घरात कवी नसतो. माझ्या घरात नव्हता. माझे वडील रेल्वेत कारकून होते, संध्याकाळी थकून येत. ज्या घरांत हरिवंशराय नसतात, त्या घरांसाठी शाळा असते. नर्मदेकाठच्या या हिंदीभाषक शहरात साठ वर्षांपूर्वी काही माणसांनी वर्गणी गोळा करून दोन खोल्यांत ही शाळा सुरू केली, ती याचसाठी.

आता एक कबुली. हे सारे बोलणारा मी, माझ्या मुलाला मात्र या शाळेत घातले नाही. त्याचाही एक प्रवेशअर्ज मी भरला. ‘मातृभाषा’ या रकान्यात ठळक अक्षरांत ‘मराठी’ लिहिले आणि जिथे मराठीचा एक तासही नव्हता अशा शाळेच्या खिडकीत तो अर्ज दिला. दोष त्या शाळेचा नाही, माझा आहे. घरी आम्ही बोलू, असे मी पत्नीला म्हणालो होतो. थोडे बोललो. मग कामे वाढली.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत जुनी पत्रे सापडली. मुलाने एक उचलले आणि मोठ्याने वाचू लागला. हिंदीमुळे देवनागरी त्याला उत्तम येते. वडिलांनी लिहिले होते की, लहानपणी गृहपाठ चुकला की आम्हांला शिक्षा होई. मुलगा हसून म्हणाला, ‘‘आजोबांच्या काळी बरे होते, चुकले तरी शिक्षण मिळायचे!’’ आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र मला झोप लागली नाही. नातवाला आजोबांचे अक्षर वाचता येत होते, आजोबा वाचता येत नव्हते.

आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावात अजून एखादे गाव आहे. कोणी त्या गावचे ‘कर’ आहोत, पण ते गाव आपण पाहिलेले नाही. आडनाव जपायला काही करावे लागत नाही, ते कागदोपत्री आपोआप पुढे जाते. भाषेचे तसे नाही. ती रोज कोणीतरी कोणाला तरी द्यावी लागते. बच्चन घराण्याने आडनाव बदलले, भाषा सोडली नाही. आम्ही मात्र आडनाव तेवढे सांभाळले.

माझी नात बंगळूरला असते. दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोनवर त्या पेटीतले एक पत्र वाचून दाखवतो. आतापर्यंत चौदा झाली. ‘शिक्षा’ म्हणजे काय, ते तिला आता ठाऊक आहे. तिच्याबरोबर तिचा बापही ऐकत बसतो, असे सूनबाई सांगतात.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की देणगी द्याच, परंतु आठवड्यातून एक तासही द्या. या शाळेत येऊन मुलांना काही वाचून दाखवा. आणि पालकहो, पुढच्या वेळी अर्जावर ‘मातृभाषा’ हा रकाना आला की लेखणी क्षणभर थांबवा. आपण तिथे जे लिहितो आहोत ते मुलाला कोण देणार, एवढे स्वतःला विचारा. या प्रश्नाला चार पर्याय नाहीत. घर आणि शाळा, दोनच आहेत.

माझ्या शिक्षकांनी मला जी भाषा दिली, तिच्यातच आज दोन शब्द बोलता आले.