स्वदेशी घड्याळाचा स्पंद
(छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



‘नाविक’ ही आपली दिशादर्शक उपग्रहमालिका. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी प्रक्षेपित झाला. त्यावरील तिन्ही रुबिडियम घड्याळे परदेशी होती. ती निकामी झाल्याचे २०१७ मध्ये देशाला कळले. नेमका काळ सांगता येईना, म्हणून दिशादर्शनही थांबले. वेळेतील एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक! २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ उपग्रहासोबत स्वदेशी रुबिडियम घड्याळ अवकाशात गेले, तेव्हा ही उणीव भरून निघाली.

अशा घड्याळाच्या गाभ्यात एक आंदोलक असतो आणि रुबिडियमचे अणू त्याच्यावर अंकुश ठेवतात. झोक्याला योग्य क्षणी रेटा मिळत राहिला की तो थांबत नाही, आंदोलकाचेही तसेच. मात्र त्याची ऊर्जा बाहेर वापरायला घेतली की बाहेरचा भार त्याची कंप्रता ओढू लागतो. १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे रँडल आणि बूट यांनी सिद्ध केलेला पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन पाहा. समान अंतरावरील, परस्परांशी जोडलेल्या पोकळ्यांचे ते वर्तुळच आहे. तो आज घरोघरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालतो. आत ठेवलेला पदार्थ बदलला की कंप्रताही किंचित सरकते. स्वयंपाकाचे त्यात काही बिघडत नाही. रडारचे आणि संदेशवहनाचे बिघडते.

यावर एक मार्ग जोडलेल्या तरंगमार्गांचा. ठरावीक अंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा आली की विशिष्ट कंप्रतेला तरंगाची ऊर्जा जवळजवळ थबकते. एकाच मार्गात तेथे दोन तरंग एकरूप होतात. दोन मार्ग नेमक्या प्रमाणात जोडले तर चार तरंग एकरूप होतात. अमेरिकेत अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फिगोटिन व विटेब्स्की यांनी याचे सिद्धांत मांडले आणि कॅपोलिनो यांच्या गटाने ते आंदोलकांकडे वळवले. ऊर्जाव्यय नसेल तर घटकांची संख्या दुप्पट केल्यावर साध्या रचनेत ऊर्जा धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ८ पट वाढते, या रचनेत ३२ पट. शिवाय ऊर्जा मध्यभागी एकवटते आणि टोकांशी क्षीण होते. भार टोकाला जोडलेला असल्याने त्याची ओढ मध्यापर्यंत फारशी पोहोचत नाही.

परंतु धातूतील ऊर्जाव्यय हा लाभ घटवतो आणि घडणीतील लहानशी चूकही ती एकरूपता मोडते. हा आंदोलक अणुघड्याळाची जागा घेणार नाही. कंप्रता स्थिर ठेवण्याचे ओझे तो स्वतःच्या रचनेवर घेतो, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. म्हणून येथे समीकरणाइतकेच कारागिराच्या हाताला मोल आहे. आपल्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत वाहनांचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबाने घडतात. तेच कौशल्य आणि तुमच्या वर्गातील विद्युतचुंबकीय सिद्धांत यांची गाठ पडली पाहिजे.

तयार यंत्र विकत मिळते. ते बिघडल्यावर त्याचे मर्म जाणणारा माणूस विकत मिळत नाही. तो आपल्याच प्रयोगशाळांत घडवावा लागतो. मित्रहो, परीक्षेपुरते न शिकता एखादी छोटी रचना स्वतः आखा, तांब्याच्या पट्ट्यांवर उतरवा आणि भार बदलून तिची कंप्रता किती सरकते ते मोजा. स्वावलंबनाचा आरंभ अशा मोजमापातूनच होतो.