वही कुणासाठी लिहायची?

(वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिन आला की मंडळे अहवाल वाचतात. इतके वर्ग भरले, इतक्या वह्या वाटल्या, इतक्या गुणवंतांचा सत्कार झाला. टाळ्या पडतात. खाली हिशेब तपासनीसाची सहीही असते. पण पैसा नीट खर्च झाला हे सांगणारी ती सही, त्या पैशाने पोरगं शिकलं का हे सांगत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते या दुसऱ्या तपासणीबद्दल. तिला मूल्यमापन म्हणतात. शब्द जड आहे, काम तेवढे जड नाही. फक्त ते वर्षाअखेरीस न करता काम चालू असतानाच करावे लागते.

उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. बोईसरहून गुजरातकडच्या गाडीने घोलवडला उतरले की बोर्डी जवळच. तिथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. ताराबाई काही नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केलेले होते. बालवाडी चांगलीच होती. तरी गावकुसाकडच्या, गरिबाघरच्या वस्तीतली मुले तिथे येईनात. अशा वेळी आपल्या संस्था काय म्हणतात? "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." झाले, विषय संपला! त्या दोघींनी तसे म्हटले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच वस्तीत न्यायची आणि घराच्या अंगणात भरवायची, असे ठरले. अंगणवाडी ती हीच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथे अंगणही पुरेना. कारण मूल अंगणात सापडतच नसे. ते गुरांमागे रानात, नाहीतर धाकटे भावंड कडेवर. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. धाकटे पाळण्यात निजले की थोरली वर्गात बसायला मोकळी. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, खडे, शिंपले आले. म्हणजे बघा, दरवेळी प्रश्न एकच होता: कोण आले नाही, आणि का? पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. १९७३ मध्येच त्या गेल्या.

आकड्यांत बोलणाऱ्यांसाठी गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे जन्म आणि बालमृत्यू नोंदवले. न्यूमोनियावर गावातच उपचार सुरू झाले, मृत्यू घटले. तेवढ्यावर सत्कार घेऊन थांबता आले असते. पण उरलेली बाळे कधी दगावतात ते नोंदवहीत दिसत होते: बहुतेक पहिल्याच महिन्यात. मग गावातल्या बायांनाच नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. ज्या गावांत हे काम नव्हते तिथल्याही नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून तुलना करता आली. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले.

आता आपल्याकडे या. २०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्चावा लागतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपल्या भागातल्या संस्थांनाही त्यातून मदत मागता येते. त्याबरोबर तक्ते येतात आणि ते भरून द्यावे लागतात. तक्ता भरणाऱ्या ताईला ठाऊक असते की पटावर चाळीस आणि बसतात पंचवीस. पण पंचवीस लिहिले तर पुढचा हप्ता थांबेल ही धास्ती. मग उरलेली पंधरा कुठे गेली हे कुणी विचारतच नाही. वडलांची पाळी बदलली म्हणून संध्याकाळी मुलगी घरी स्वयंपाकाला लागली असेल. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले असतील. पहिलीसाठी वर्गाची वेळ बदलावी लागेल, दुसऱ्यासाठी वर्ग भट्टीवर न्यावा लागेल. दोघांचा गैरहजेरीचा शेरा मात्र एकच!

म्हणून आमचे म्हणणे असे, की हजेरीपटाशेजारी आणखी एक साधी वही ठेवा. कोण यायचे थांबले, त्याच्या घरी जाऊन काय कळले, आणि त्यावरून आपण काय बदलले, एवढेच तिच्यात लिहा. घरी शिकवणाऱ्या बाईंनी जाऊ नये, वस्तीतल्या दुसऱ्या कुणीतरी जावे. बाईंच्या तोंडावर कोण खरे सांगणार? ज्या उत्तरावर काही करायचेच नाही तो प्रश्न विचारू नका, उगाच माहिती गोळा करण्याचाही एक रोग असतो. आणि पैसे देणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत सांगा, की अहवालात एक पान न जमलेल्याचे असेल. कुणाला ते आवडणार नाही. विचारून तर बघू.

पौर्णिमेला आपण जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास बसून ती वही मोठ्याने वाचायची. पहिले वाचन येत्या पौर्णिमेला ठेवू. अभ्यासिका, महिला मंडळ आणि शिवणवर्ग, तिघांनीही आपापल्या वह्या घेऊन यावे.

जयभीम.