स्मृतिभ्रंशाचे भाकीत कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



म्हातारपणातील विसराळूपणाचा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. हा विषय डॉक्टरांचा, फार तर घरातल्यांचा, अशी आपली समजूत आहे. परंतु एखाद्या माणसाचे पुढे काय होणार हे कोणी अधिकाराने सांगू लागले, की त्या भाकिताचा उपयोग कोण आणि कोणाविरुद्ध करणार, हा प्रश्न उपस्थित होतो. आणि तो राजकीय प्रश्न आहे.

आपल्याच घरातील उदाहरणाने सुरुवात करतो. आमच्या भागातील एक ज्येष्ठ साथी वर्षानुवर्षे समितीचा हिशेब ठेवीत. दोन वर्षांपूर्वी ते नावे विसरू लागले, एकच गोष्ट बैठकीत दोनदा विचारू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा अद्याप स्मृतिभ्रंश नव्हे, मात्र पुढे होण्याचा संभव आहे. हे कळताच आम्ही त्यांच्याकडील वह्या काढून घेतल्या. त्यांना विचारलेही नाही. शोषितांच्या हक्कांवर भाषणे करणाऱ्या आम्ही माणसांनी एका माणसाला त्याच्या भाकितावरून निवृत्त केले.

तेव्हा शास्त्र काय म्हणते ते आधी पाहू. ‘साठी बुद्धी नाठी’ ही आपली म्हण वार्धक्य आणि बुद्धिभ्रंश यांत भेदच करीत नाही. शास्त्राने तो केला. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने ट्युबिंगेन येथील सभेत एका स्त्रीची हकीकत मांडली. ऐन पन्नाशीत तिची स्मृती ढासळली होती आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत विकृत पुंजके व तंतूंचे गुंते आढळले होते. म्हणजे हा वयाचा दोष नव्हे, रोग आहे. पुढे असेही दिसून आले, की निरोगी स्मृती आणि स्मृतिभ्रंश यांच्या दरम्यान एक अवस्था असते. या अवस्थेतील माणूस चाचणीत वयाच्या मानाने मागे पडतो, परंतु आपला स्वयंपाक, बाजारहाट, देणेघेणे स्वतः सांभाळतो. डॉक्टर तिला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात. आपण सौम्य बौद्धिक क्षीणता म्हणू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तिचे निकष मांडले.

या अवस्थेतील कोण पुढे स्मृतिभ्रंशाकडे जाईल? रुग्णालयात आलेल्यांपैकी दरवर्षी शंभरात दहा ते पंधरा जण जातात, असे प्रारंभीच्या अभ्यासांत दिसले. पण रुग्णालयात येतो तो आधीच अधिक त्रासलेला असतो. २००९ साली दीर्घकाळ चाललेले अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा वार्षिक प्रमाण सुमारे पाच ते दहा निघाले आणि दहा वर्षांनंतरही बहुसंख्य लोक स्मृतिभ्रंशापर्यंत पोचलेले नव्हते. काही जण तर पुन्हा पूर्ववत झाले होते. कारण खिन्नता, थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, झोपेची औषधे यांनीही स्मृती मंदावते आणि यांवर उपाय असतो.

आता साधने अधिक सूक्ष्म झाली आहेत. मेंदूच्या छायाचित्रात हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग आक्रसला आहे का, हे मोजता येते. विशिष्ट टाऊ प्रथिन रक्तात शोधून अल्झायमरच्या विकृतीची खूण ओळखणाऱ्या पहिल्या चाचणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. हे शास्त्राचे खरे यश आहे आणि त्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. मात्र ही खूण रोगाची आहे. अमुक माणूस अमुक वर्षी घरचा रस्ता विसरेल, असा निकाल ती देत नाही. विभागात पाऊस सरासरीपेक्षा कमी पडेल असे हवामान खाते सांगते, तेव्हा आपण आपले शेत कोरडे पडणारच असे धरून पेरणी सोडून देत नाही. शंभरांविषयीचे विधान एकाच्या कपाळी लिहिता येत नाही.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. १९७५ साली अमेरिकेत तीस गुणांची एक प्रश्नावली तयार झाली आणि जगभर रूढ झाली. तीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहून घेतात, दोन पंचकोन काढून घेतात. जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर खुरपणी केलेल्या, पेन्सिल कधी हाती न धरलेल्या बाईला या परीक्षेला बसवले, तर तिचे कमी गुण कशाचे? रोगाचे, की तिला शाळेत न पाठवणाऱ्या समाजाचे? हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला आणि निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदीत नवी चाचणी रचली. तीत वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे होते. मोजपट्टी माणसाच्या जीवनाला जुळवून घेता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि ती मूळ प्रश्नावली? अनेक वर्षे मुक्तपणे वापरात असलेली ती तीस गुणांची परीक्षा २००१ पासून एका प्रकाशन कंपनीच्या मालकीखाली गेली व तिच्या वापरावर शुल्क आले!

तथापि दोष केवळ मोजपट्टीचा आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे आहे. स्त्रिया, निरक्षर आणि ग्रामीण लोक यांच्यात ते अधिक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली दाखवले, की जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश हा चौदा टाळता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे. अपुरे शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, डोक्याची दुखापत, दूषित हवा, एकाकीपणा ही त्यांतील काही. ही यादी नीट ऐका, साथींनो. ती श्रमिकांच्या आयुष्याची यादी आहे. बालपणी नाकारलेली शाळा, कारखान्यातील गोंगाट आणि न तपासलेला रक्तदाब यांची वसुली म्हातारपणी होते.

याउलट बाजारात काय आले आहे? अल्झायमरच्या आरंभीच्या अवस्थेसाठी लेकानेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्याची तेथील जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. अठरा महिन्यांच्या प्रयोगात ऱ्हासाची गती त्याने सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ऱ्हास थांबला नाही, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज व रक्तस्राव झाला. संशोधनाला आपला विरोध मुळीच नाही. परंतु ज्या देशात साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा महिना २०० रुपये आहे, त्या देशात भाकिताची यंत्रणा शहरातील खाजगी रुग्णालयात वाढावी आणि गावातल्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळीही नियमित मिळू नये, याला आरोग्यनीती म्हणता येत नाही.

आणखी एक धोका आपल्या खेड्यांत रोजचा आहे. ‘आजीला आता काही कळत नाही,’ असे एकदा घरात ठरले, की हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेणे सोपे होते. सौम्य क्षीणतेच्या व्याख्येतच माणूस आपला व्यवहार स्वतः चालवतो, हे गृहीत आहे. या अवस्थेचा दाखला सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याचा परवाना नव्हे.

मग भाकीत सांगूच नये काय? तसे नाही. ज्याला वेळीच कळले त्याला उपचार करून घेता येतात. जमिनीचे, औषधपाण्याचे, आपल्याला कोणी सांभाळावे याचे निर्णय शुद्धीवर असताना स्वतः घेता येतात. म्हणून भाकितावर पहिला हक्क त्या माणसाचा आहे. ते ऐकायचे की नाही, हेही त्यानेच ठरवायचे.

आपल्या मागण्या यातून निघतात. वृद्ध आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रात कान, डोळे, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी झाली पाहिजे व श्रवणयंत्र मोफत मिळाले पाहिजे. निरक्षरांसाठी पारखून घेतलेली, विनाशुल्क मराठी चाचणी आशा कार्यकर्त्यांच्या हाती असली पाहिजे. घरी रुग्णाला सांभाळणाऱ्या सुनेच्या आणि मुलीच्या श्रमाची भरपाई झाली पाहिजे. आणि जेथे चाचणी होईल तेथेच पुढची सेवाही असली पाहिजे; नुसते भाकीत सांगून माणसाला घरी पाठवणे हा अन्याय आहे.

आमच्या त्या साथींचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्यांचे आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेले होते. कान निकामी होत आले होते. बैठकीत ते एकच गोष्ट दोनदा विचारीत, त्यातल्या बऱ्याच वेळा ती त्यांना ऐकूच आलेली नसे. श्रवणयंत्र आल्यावर त्यांचा विसर नाहीसा झाला नाही, पण ते पुन्हा चर्चेत भाग घेऊ लागले. हिशेब आता एक तरुण कार्यकर्ती लिहिते आणि ते तिच्याशेजारी बसून तपासतात. वह्या काढून घेतल्याबद्दल आम्ही त्यांची माफी मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मला विसर पडतो हे खरे. पण मला मत आहे. ते विचारायला हवे होते.”