अवजार कुणाच्या हातात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. उभी हयात बँकेत गेल्यामुळे मर्यादेबाहेर उचल करायची सवय नाही, त्यामुळे वेळेत संपवतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं प्लॉट घेतले तेव्हा बाभळी आणि कुसळांशिवाय काही नव्हतं. आज घरं आहेत, झाडं आहेत, पाण्याची टाकी आहे. या सगळ्याचं कौतुक इतर वक्त्यांनी केलंच आहे. मला विषय दिलाय ‘महिला आणि नवी क्षेत्रे’. खरं म्हणजे यावर एखाद्या भगिनीनंच बोलायला हवं. पण या विषयात माझं एक जुनं खातं बाकी आहे. ते आज तुमच्यासमोर उघडावं म्हणून मी हो म्हणालो.

सुरुवात आपल्या केमच्या रुळांपासून करतो.

13 मार्च 2023. नेहमीप्रमाणे सकाळी रुळाकडेच्या रस्त्यानं फिरायला गेलो होतो. सोलापूरहून मुंबईला जाणारी वंदे भारत सुरू होऊन महिना झाला होता. ती आपल्याकडं थांबत नाही. कुर्डुवाडी सोडली की धूळ उडवत केमवरून निघून जाते. त्या दिवशीही गेली. मी घरी येऊन चहा घेतला. नंतर पेपरात वाचलं, की त्या दिवशी ती गाडी सोलापूरहून मुंबईपर्यंत नेणाऱ्या चालक एक बाई होत्या, सुरेखा यादव. गाडी वेळेच्या पाच मिनिटं आधी मुंबईत पोचली होती.

म्हणजे आपल्या गावावरून इतिहास गेला आणि मी त्याच्याकडे पाठ करून बिस्किट बुडवत होतो!

सुरेखाताई मूळच्या सातारच्या, शेतकरी कुटुंबातल्या. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. रेल्वेची परीक्षा देऊन 1980च्या दशकाच्या शेवटी त्या सहायक चालक झाल्या. त्याआधी देशात कुठलीही बाई इंजिनात चालक म्हणून बसलेली नव्हती. त्यांना कुणी पहिल्या दिवशी वंदे भारत दिली नाही. आधी मालगाडी, मग 2000 साली मुंबईची लेडीज स्पेशल लोकल, मग घाटाचं काम. बोरघाटात 37 फुटांला एक फूट चढ आहे. तिथं इंजिन सांभाळायला मनगटापेक्षा अंदाज आणि सावधपणा लागतो. 8 मार्च 2011 रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली. छत्तीस वर्षांची नोकरी करून सप्टेंबर 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. मुंबईच्या मुमताज काझी 1991 पासून डिझेल इंजिन चालवू लागल्या. 2017 मध्ये त्यांचा नारी शक्ती पुरस्कारानं गौरव झाला.

अशी नावं आणखी आहेत. 1974 साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची एक जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असं त्यात होतं. त्यांनी सरळ जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि पुढं त्याच कंपनीत इंजिनिअर झाल्या. परभणीच्या शीला डावरे यांनी 1988 मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, रिक्षा चालवायला घेतली. नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात 2002 साली हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या, त्या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी.

ही नावं आपण 8 मार्चला घेतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. मीही तेच करत आलो. पण टाळ्या वाजवणारा माणूस स्वतः खुर्चीत बसला की काय करतो, ते आता सांगतो.

साल 1996. मी उजनीच्या फुगवट्याकडच्या एका गावात बँकेचा शाखाधिकारी होतो. ऊस आणि केळीचा भाग. जिकडंतिकडं पाण्याच्या मोटारी. व्होल्टेजची बोंब असल्यामुळे मोटारी जळण्याचं प्रमाणही मोठं. मोटार भरून देणाऱ्याच्या दारात उन्हाळ्यात शेतकऱ्यांची रांग लागायची.

प्रधानमंत्री रोजगार योजनेतून एक अर्ज आला. अर्जदार सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई. मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं, चाळीस हजार हवेत. वडिलांचं तेच दुकान होतं, त्यांना लकवा झाला होता. ही पंधराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली शिकलेली. मी तिला मुलाखतीला बोलावलं.

मी विचारलं, “ताई, जड मोटार उचलणार कोण?”

ती म्हणाली, “साहेब, वडील तरी कुठं एकटे उचलत होते? शेतकरी ट्रॅक्टरमधनं आणतो, चौघं मिळून उतरवतात.”

“रात्री-अपरात्री गिऱ्हाईक आलं तर?”

“दुकान घराच्या ओसरीवर आहे. आई असती घरात.”

माझ्याकडचे प्रश्न संपले, पण ‘नाही’ काही संपलं नाही. मी म्हणालो, “असं करा, शिलाई मशीनसाठी अर्ज द्या. आठ दिवसांत मंजूर करतो.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “साहेब, मला शिवता येत नाही. मला मोटार भरता येते.”

मी फायलीवर लिहिलं: व्यवसाय व्यवहार्य वाटत नाही. खाली सही, शिक्का. मित्रांनो, हे चार शब्द लिहिताना मी कुणाशी भांडलो नाही, कुणाचा अपमान केला नाही. उलट त्या बाईचं भलंच करतोय, असं मला वाटत होतं. घरी दोन मुली असलेला बाप होतो मी! मुलींनी शिकावं, बँकेत, शाळेत लागावं, असंच म्हणायचो. फक्त बाईच्या हातात पक्कड आणि मेगर माझ्या डोळ्यांपुढं येत नव्हता.

त्या वर्षी मी शिलाई मशीनची पुष्कळ कर्जं दिली. काही बायकांनी त्यावर संसार उभा केला, हे खरंच. पण कितीतरी मशीनवर नंतर वसुलीला गेलो तेव्हा चादर टाकलेली दिसली, वर टीव्ही ठेवलेला. एका गावात शिवून शिवून किती ब्लाऊज शिवणार? माझ्या व्यवहार्यतेचा हा हिशेब!

पुढं बारा वर्षांनी, 2008च्या उन्हाळ्यात आमच्या शेतातली पाण्यातली मोटार जळाली. पुतण्या म्हणाला, “काका, त्या भागात एक बाई चांगली मोटार भरते, तिच्याकडंच टाकलीय.” आणायला मीही गेलो. दुकानात शिरताच ओळखलं. केस पिकायला लागले होते, बाकी तीच.

दोन पोरं तिच्या हाताखाली होती. समोर एक स्टेटर उघडा. जुनी जळकी तार काढून ती फेरे मोजत होती. मी बसून बघत राहिलो. आधी तारेचा गेज बघायचा, खाच्यात किती फेरे ते वहीत टिपायचं, खाचे साफ करायचे, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, मग नवी कॉइल. एक फेरा कमी-जास्त झाला तर मोटार तापते. साध्या मोटारीला वार्निश देऊन वाळवायचं, पाण्यातल्या मोटारीची तारच वेगळी, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली. हे सगळं ती पोरांना सांगत होती आणि मी ऐकत होतो. यात ताकदीचं काम किती, तर मोटार उतरवायची तेवढंच. बाकी सगळं बोटांचं, नजरेचं आणि हिशेबाचं.

आमची मोटार तयार होती. तिनं बिल दिलं आणि सांगितलं, “सिंगल फेज होऊन जळलीय. प्रिव्हेंटर बसवून घ्या, नाहीतर परत याल.”

मी विचारलं, “ओळखलं का?”

“बिलावर नाव घालतानाच ओळखलं.”

मला काय बोलावं सुचेना. म्हणालो, “तेव्हा माझं चुकलं.” ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “कर्ज मिळालं नाही म्हणून चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात रोजावर काम केलं. तीच कॉइल, तेवढेच फेरे. गड्याला शंभर, मला साठ. नंतर आईनं पाटल्या मोडल्या तेव्हा हे उभं राहिलं.”

चार वर्षं, रोजचे चाळीस रुपये. मी बँकेचा माणूस, हिशेब आपोआप होतो. वर्षाला तीनशे दिवस धरा. अठ्ठेचाळीस हजार रुपये. तिनं मागितलेल्या कर्जापेक्षा जास्त. आणि ते मी बुडवले, एक पैसाही न देता. आईच्या पाटल्या वेगळ्याच.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतोय. बाईला जड काम झेपत नाही म्हणतो ना आपण? मग बांधकामावर बघा. वाळूनं भरलेलं घमेलं बाईच्या डोक्यावर, थापी गवंड्याच्या हातात. जड काय, घमेलं की थापी? पण मजुरी थापीला जास्त. घरी शिवणं बाईचं, बाजारात दुकान टेलरचं. घरी स्वयंपाक बाईचा, लग्नात आचारी बाप्या. सोलापुरात विड्या वळून हजारो बायकांची बोटं झिजली. म्हणजे बाईनं कष्ट करायला आपली कधीच ना नव्हती. ज्या अवजारानं कष्ट हलके होतात आणि मोल वाढतं, ते अवजार तिच्या हातात द्यायला आपण का-कू करतो.

आपलं केम कुंकवाचं गाव. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. देशभरातल्या बायकांच्या कपाळावर आपलं कुंकू जातं. पण मशीन बिघडलं की दुरुस्तीला कोण येतं, हे आपापल्या मनाशी आठवून बघा.

कायदाही बराच काळ असाच होता. 1948च्या फॅक्टरी ॲक्टनुसार बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता, पण रात्रपाळी नाही म्हटल्यावर मालक म्हणायचा, मग घेऊच कशाला? आता संमती आणि सुरक्षेच्या अटींवर ती वाट मोकळी होत आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, कातारी, संधाता अशी भारदस्त नावं आहेत तिथल्या ट्रेडची. म्हणजे सरकारनं दार उघडलंय. उंबऱ्यावर कोण बसलंय? माझ्यासारखा कुणीतरी, हातात पेन घेऊन.

आता सोसायटीचं बोलतो. कुणाला लागलं तर माफ करा.

आपल्याच एका घरातली मुलगी वीजतंत्रीचा कोर्स आणि ॲप्रेंटिसशिप पूर्ण करून आली आहे. मागच्या सभेत बोअरच्या मोटारीचं आणि दिव्यांचं वार्षिक काम कुणाला द्यायचं, हा विषय निघाला. तिचं नाव कुणीतरी घेतलं. लगेच तीन प्रश्न आले. टाकीवर ती चढणार का? रात्री लाईट गेली तर येणार का? लग्न झाल्यावर काय? आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मी त्या सभेत होतो. ते प्रश्न ऐकताना मला माझाच 1996 सालचा आवाज ऐकू आला. आणि खरं सांगतो, मी तेव्हाही गप्प बसलो. म्हणून आज माईकवर बोलतोय.

आत्ता जो वायरमन आहे, त्याला आपण कधी विचारलं का, लग्न झाल्यावर काय? रात्री फोन केला तर तो तरी कुठं उचलतो! (हशा)

माझं म्हणणं एवढंच. तिच्यावर दया करून काम देऊ नका. दयेचं काम टिकत नाही, आणि चुकलं तर “बघा, बाईला दिलं होतं” म्हणायला लोक मोकळे. तिचं कोटेशन मागवा, इतरांचंही मागवा. परवाना बघा, दर बघा, कामाची हमी लेखी घ्या. जे प्रश्न पुरुषाला विचारत नाही, ते तिलाही विचारू नका. आणि काम दिलंत तर पैसे तेवढेच द्या, वेळेवर द्या. त्यात शंभर आणि साठ नको.

आई-वडिलांनाही एक विनंती. दहावीनंतर मुलीला ‘काय व्हायचंय’ विचारताना उत्तर आधीच मनात धरू नका. तिला पाना-पक्कड आवडत असेल तर आवडू दे. जाण्यायेण्याची एसटी, संस्थेत मुलींसाठी स्वच्छतागृह, घरी परतायची वेळ, या अडचणी खऱ्या आहेत. त्या सोडवायला तिच्याबरोबर जा. त्यांचा दाखला देऊन तिला घरी बसवू नका.

त्या भगिनीचं दुकान अजून चालू आहे. आमची मोटारही चालू आहे. प्रिव्हेंटर मी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतला. उशिरा का होईना, तिचं ऐकायला शिकलो.

माझं खातं मात्र पूर्ण फिटलेलं नाही. ते फिटायची तारीख म्हणजे आपली पुढची सर्वसाधारण सभा. त्या दिवशी हा विषय पटलावर आला की मी पहिला हात वर करणार आहे. तुमच्यातले किती हात वर होतात, ते बघू.