वास्तुविशारदाची उपाधी आणि तिच्यामागचे नियम

भारतात स्वतःला वास्तुविशारद कोणी म्हणवून घ्यावे, हे १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने ठरते. हा अधिनियम १ सप्टेंबर १९७२ रोजी अंमलात आला आणि त्याखाली वास्तुकला परिषद ही वैधानिक संस्था उभी राहिली. वास्तुविशारदांची नोंदवही ठेवणे, शिक्षणाचा किमान दर्जा ठरवणे आणि व्यावसायिक आचारावर देखरेख करणे ही तिची मुख्य कामे. त्याच वर्षी १५ डिसेंबरला कोल्हापूरची महानगरपालिका झाली. म्हणजे या शहरात बांधकामाला परवानगी देणारी महापालिका आणि परवानगी मागणाऱ्या व्यावसायिकाची पात्रता ठरवणारी परिषद या दोन्ही एकाच वर्षाच्या.

त्याआधी या व्यवसायाला कायद्याचे कुंपण नव्हते. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा यांचे रचनाकार मेजर चार्ल्स मँट हे लष्करी अभियंते होते. अभियंता आणि वास्तुविशारद यांच्यात कायद्याने रेघ ओढलेलीच नव्हती, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते. १९१७ मध्ये मुंबईत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची एक संघटना स्थापन झाली. १९२९ मध्ये तिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव मिळाले. या संस्थेने सभासदांसाठी आचाराचे दंडक घातले, पण ते सभासदांपुरतेच. सभासद नसलेल्याला आणि पाटीवर मात्र 'आर्किटेक्ट' लिहिणाऱ्याला जाब विचारण्याची सोय तिच्याकडे नव्हती. स्वातंत्र्यानंतर बांधकामे झपाट्याने वाढली आणि अपात्र माणसे हे नाव लावून महागडी, प्रसंगी धोकादायक बांधकामे करतात अशा तक्रारी होऊ लागल्या. त्यातून १९६८ मध्ये राज्यसभेत विधेयक आले आणि चार वर्षांनी त्याचा कायदा झाला.

परिषदेची रचना संमिश्र आहे. इन्स्टिट्यूट आपल्या सभासदांमधून पाच वास्तुविशारद निवडून देते. देशभरातील वास्तुकला महाविद्यालयांचे प्रमुख आपल्यातून पाच जण निवडतात. प्रत्येक राज्य सरकार एक वास्तुविशारद नेमते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद दोन, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स दोन, सर्वेक्षकांची संस्था एक आणि केंद्र सरकार एक सदस्य पाठवते. संरक्षण आणि रेल्वे खात्यांचे मुख्य वास्तुविशारद व केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील वास्तुशाखेचे प्रमुख पदसिद्ध सदस्य असतात. निवडून आलेल्या व नेमलेल्या सदस्यांची मुदत तीन वर्षांची. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्यांमधूनच निवडले जातात. सहा महिन्यांतून किमान एक बैठक व्हावी लागते.

या रचनेतली उणीव उघड आहे. नोंदवहीत नाव असलेला, वर्गणी भरणारा सर्वसाधारण वास्तुविशारद केवळ नोंदणीच्या बळावर परिषदेसाठी मत देऊ शकत नाही. त्याला ज्या पाच जागांवर मत आहे, त्याही इन्स्टिट्यूटचा सभासद झाल्यावरच. वकिलांच्या राज्य परिषदांमध्ये नोंदणीकृत वकीलच मतदान करतात. वास्तुविशारदांना नियम पाळायचे असतात, पण नियम करणाऱ्यांच्या निवडीत बहुतेकांचा हात नसतो.

नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते आणि पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. अधिनियम आला तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक वाट ठेवली होती. पदवी नसली तरी ठरलेल्या तारखेपूर्वी किमान पाच वर्षे वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केलेल्या नागरिकाला नोंदणी मिळू शकत होती. ती वाट एका पिढीपुरतीच होती. नूतनीकरणाचे शुल्क थकले तर नाव नोंदवहीतून कमी होते आणि थकबाकी भरल्यावर ते पुन्हा घेता येते.

अधिनियमाचा गाभा कलम ३७ मध्ये आहे. नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा वास्तुविशारदांची फर्म यांच्याखेरीज कोणालाही ही उपाधी वापरता येत नाही. उद्याने व भूदृश्य रचणारे आणि जहाजांची रचना करणारे यांना या कलमातून सूट आहे. परदेशी वास्तुविशारदाला केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीने एखाद्या विशिष्ट प्रकल्पापुरते काम करता येते. १९७२ च्या अधिनियमाने ठरवलेली शिक्षा पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. या गुन्ह्याची दखल न्यायालय केंद्र सरकारच्या किंवा परिषदेच्या आदेशाने केलेल्या तक्रारीवरच घेते. फसवला गेलेला घरमालक स्वतः थेट फिर्याद देऊ शकत नाही.

कलमात जितके लिहिले आहे तितकेच महत्त्वाचे म्हणजे त्यात काय लिहिलेले नाही. उपाधी राखीव आहे, काम राखीव नाही. विधेयकावरील चर्चेतच अभियंत्यांच्या कामावर गदा येऊ नये ही भूमिका मान्य झाली होती. नोएडातील पदोन्नतीवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हा अर्थ पक्का केला. नोंदणी नसलेल्या माणसाला 'असोसिएट आर्किटेक्ट' असे पदनाम देता येणार नाही, मात्र इमारतीचा आराखडा करण्यास अधिनियम त्याला मनाई करत नाही, असा तो निकाल होता. ब्रिटनमधील १९३१ च्या कायद्यापासून चालत आलेली पद्धतही उपाधीपुरत्या संरक्षणाचीच आहे. आपल्याकडे वकिली १९६१ च्या कायद्याने कामासकट राखीव आहे. वास्तुविशारदाचे तसे नाही. कोल्हापुरातील एखाद्या गल्लीत बंगल्याचा 'प्लॅन' कोणी काढला याने गुन्हा होत नाही. खाली 'आर्किटेक्ट' असे लिहून सही केली, तर होतो.

शिक्षणावर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तर कोल्हापूरच्याच प्रकरणातून मिळाले. १९८७ च्या तंत्रशिक्षण परिषद अधिनियमाने तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत वास्तुकलाही घातली. त्यामुळे एकाच महाविद्यालयाला दोन परिषदांचे दार ठोठावावे लागू लागले, आणि दोघींचे म्हणणे जुळले नाही की प्रवेशक्षमता आणि मान्यता अधांतरी राहू लागली. श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या कोल्हापूर येथील वास्तुकला महाविद्यालयाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या धाकट्या पुत्राचे नाव असलेल्या आणि बोर्डिंगांच्या परंपरेतून आलेल्या संस्थेच्या नावाने हा निकाल आता देशभर उद्धृत होतो. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने ठरवले की १९८७ चा सर्वसाधारण कायदा नंतर आला म्हणून १९७२ चा खास कायदा आपोआप मागे पडत नाही. वास्तुकलेच्या पदव्या आणि पदविकांबाबत वास्तुविशारद अधिनियमच वरचढ राहील आणि तंत्रशिक्षण परिषदेला त्यांवर आपले निर्बंध लादता येणार नाहीत. या निकालाने वास्तुकला परिषदेचा अधिकार निर्विवाद झाला, तशी शिक्षणाच्या दर्जाची जबाबदारीही तिच्या एकटीच्या माथी आली.

आचाराचे नियम १९८९ च्या व्यावसायिक आचार विनियमांत आहेत. त्यांचा पहिला दंडक असा की वास्तुविशारदाच्या कामाने पर्यावरण आणि समाजाचे भावी हित यांना बाध येता कामा नये. ग्राहकाला कामाच्या अटी आणि शुल्क आधी सांगायचे. काम मिळवून देण्यासाठी कमिशन, सवलत किंवा भेट द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही. ग्राहकाच्या संमतीवाचून काम दुसऱ्या वास्तुविशारदाकडे सोपवायचे नाही. ठेकेदाराचे बिल प्रमाणित करताना मालक आणि ठेकेदार दोघांशी निःपक्षपाती राहायचे. कार्यालयातील कनिष्ठांना रास्त मोबदला द्यायचा आणि त्यांच्या कामाचे श्रेय मानायचे.

जाहिरातीला बंदी आहे आणि तिचे अपवाद बारकाईने लिहिलेले आहेत. कार्यालयाबाहेर किंवा स्वतः रचलेल्या इमारतीवर नाव लावता येते, पण अक्षरे दहा सेंटिमीटरपेक्षा उंच नसावीत. पत्ता बदलल्याची सूचना वर्तमानपत्रात तीन वेळा देता येते. इमारतीत वापरलेल्या मालाच्या जाहिरातीत नाव येऊ शकते, मात्र ते झगमगाट न करता आणि मोबदला न घेता. हे नियम लिहिले गेले तेव्हा जाहिरात म्हणजे पाटी, पत्रक आणि वर्तमानपत्र. आज प्रत्येक तरुण वास्तुविशारदाच्या मोबाइलवर त्याच्या कामाची छायाचित्रे आणि चित्रफिती फिरतात. दहा सेंटिमीटरचा दंडक त्यांना कसा लावायचा, याचे उत्तर विनियमांच्या शब्दांत सापडत नाही.

सर्वाधिक मोडला जाणारा नियम मात्र शुल्काचा आहे. मोबदल्याशिवाय किंवा कमी शुल्कात, इतरांशी चढाओढ करून आराखडे देऊ नयेत, असे विनियम सांगतात. रीतसर भरवलेली स्पर्धा तेवढी अपवाद. प्रत्यक्षात मालक दोन-तीन कार्यालयांतून फुकट 'प्लॅन' गोळा करतो आणि सर्वांत स्वस्त पडणाऱ्याला काम देतो. अशा कामात जागेची पाहणी, मातीची चाचणी आणि साईटवरील फेऱ्या यांनाच आधी कात्री लागते. दुसऱ्याला काम दिलेले असताना ते आपल्याकडे ओढणेही निषिद्ध आहे. पहिल्याची नेमणूक संपल्याचा पुरावा मिळाल्यावर आणि त्याला लेखी कळवल्यावरच नवे काम हाती घ्यायचे असते. ही दोन ओळींची नोटीस अनेकदा द्यायची राहून जाते आणि व्यावसायिकांमधील भांडणाचे मूळ बहुधा तिथेच असते.

अधिनियमाने काम राखून ठेवले नसले, तरी स्थानिक नियमांनी सहीला वजन दिले आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली कोल्हापूरलाही लागू आहे. तिच्यानुसार परिषदेत नोंदणी असलेल्या वास्तुविशारदाला महापालिकेकडे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. अभियंत्याला मात्र परवाना घ्यावा लागतो. नकाशा, जोत्याची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज या टप्प्यांवर व्यावसायिकाची सही असते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे 'रेरा'ने, ही जबाबदारी आणखी वाढवली. ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवायची आणि काम किती झाले हे वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केल्यावरच बिल्डरने ती काढायची. न पाहिलेल्या साईटवर केलेली सही इथे थेट ग्राहकाच्या खिशाला लागते.

कोल्हापुरात सहीची खरी कसोटी पूररेषेवर लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरले. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मज्जाव आहे. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्ट्यात जोत्याच्या पातळीची अट पाळून बांधता येते. भराव टाकून जोते उंचावले की कागदोपत्री अट पूर्ण होते, पण अडलेले पाणी शेजारच्या घरात शिरते. विकास नियमावलीत बसणारा आराखडा आचार विनियमांच्या पहिल्याच दंडकात बसत नाही, असा प्रसंग इथे नेहमीचा आहे. अशा वेळी ग्राहकाला नकार देण्याचे बळ केवळ आचारसंहितेतून येते.

ती मोडणाऱ्यावर कारवाई कलम ३० प्रमाणे होते. तक्रार आल्यावर तिच्यात तथ्य दिसले तर परिषद चौकशी करते. दोष सिद्ध झाल्यास समज देणे, काही काळ व्यवसायास मनाई करणे किंवा नोंदवहीतून नाव काढणे असे तिचे अधिकार आहेत. नोंदणीच नसलेल्या माणसावर यातला एकही अधिकार चालत नाही. एकच काम करणाऱ्या दोघांपैकी आचारसंहितेने बांधलेला असतो तो फक्त नोंदणीकृत वास्तुविशारद.

यावर दोन उपाय मांडले जातात. पहिला, कायदा बदलून कामही राखीव करावे. अभियंत्यांचा विरोध, आणि लहान गावांत वास्तुविशारद पुरेसे नसणे, ही त्यातली अडचण. दुसरा उपाय नवीन कायद्याची वाट पाहत नाही. उपाधीचे मोल ग्राहकाला पटले तर काम आपोआप तिच्याकडे येते, आणि ते पटते आचारातून. त्यासाठी काही दुरुस्त्या हातात घेण्याजोग्या आहेत. परिषदेच्या निवडणुकीत प्रत्येक नोंदणीकृत वास्तुविशारदाला मत असावे. तोतयागिरीचा दंड आजच्या रुपयाच्या मोलाशी जुळता असावा. जाहिरातीचा नियम नव्या माध्यमांसाठी नव्याने लिहावा. शिस्तभंगाचे निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे कशाला गैरवर्तन म्हणतात हे व्यावसायिकालाही कळेल आणि ग्राहकालाही. यांतल्या पहिल्या दोन दुरुस्त्यांना संसद लागते. जाहिरातीच्या नियमासाठी परिषदेने केंद्र सरकारच्या संमतीने विनियम बदलले की पुरते आणि निर्णय प्रसिद्ध करणे तर परिषदेच्याच हातात आहे. फुकटचा प्लॅन नाकारणे, साईट न पाहता सही न करणे आणि आधीच्या वास्तुविशारदाला लेखी कळवणे या तीन गोष्टींना कोणाचीच मंजुरी लागत नाही. त्या स्थानिक संघटनांनी ठराव करून उद्यापासून पाळाव्यात.