रुग्णालयापूर्वीची दहा मिनिटे



देवळाली प्रवरा हा उसाचा मुलूख. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी या परिसरात बागायत फुलली, ऊस आला आणि त्यामागोमाग साखर कारखाने आले. मात्र त्याच उसाच्या पाचटात घोणस दडून असते आणि गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री-अपरात्री नगर-मनमाड महामार्गावरून धावत असतात. संकट शेताच्या बांधावर येते, रस्त्याच्या कडेला येते, स्वयंपाकघरात वा दुकानाच्या गादीवरही येते. त्या क्षणी तेथे डॉक्टर नसतो. शेजारी उभा असलेला माणूस असतो.

राहुरी, लोणी आणि अहिल्यानगर येथे रुग्णालये आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तरीही दूरध्वनी केल्यापासून रुग्णवाहिका दारात येईपर्यंतचा काळ उरतोच. हा काळ सांभाळण्याच्या विद्येलाच प्रथमोपचार म्हणतात. तिचा अर्धा भाग काय करावे हे सांगतो, तर उरलेला अर्धा भाग काय करू नये हे सांगतो.

महाराष्ट्राच्याच भूमीतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने अनेक रुग्ण, विशेषतः लहान मुले, दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागातील तुटपुंज्या साधनांत या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु हे औषधही रुग्ण वेळेत पोहोचला तरच पुरते उपयोगी पडते. औषध असूनही मंत्र-तंत्रात दोन तास गेले, तर दोष कोणाला द्यावा?

सर्पदंशाची गोष्ट अशीच आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची गरज नाही; त्याच्यामागे धावण्यात वेळ जातो आणि दुसराही दंश होऊ शकतो. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी तत्काळ उतरवावीत, कारण सूज चढते. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी त्या अवयवाला सैलसर बांधावी, रुग्णाला धीर द्यावा आणि चालू न देता उचलून न्यावे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशात वेदना जवळजवळ नसते. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर सर्पदंशाची शंका घ्यावी.

अपघातात रक्त वाहत असेल तर घडी केलेले स्वच्छ सुती कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोराने दाबून धरावे. पंचा, धोतर, जुनी सुती साडी, काहीही चालेल. सूत रक्त शोषते आणि जागेवर बसते. कृत्रिम धाग्याचे कापड निसटते. कापड भिजले तरी ते काढू नये, त्यावरच दुसरी घडी ठेवावी. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नये. नायलॉन वा पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटले असेल तर ते ओढू नये.

माणूस अकस्मात कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही, तर त्याचे हृदय थांबले असे समजावे. मेंदू प्राणवायूविना चार-पाच मिनिटांपलीकडे तग धरीत नाही. एकाने १०८ ला कळवावे. दुसऱ्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात ठेवावा आणि सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. थकवा येण्यापूर्वी, दर दोन मिनिटांनी, माणूस बदलावा. प्रशिक्षण नसणाऱ्यानेही हे करावे. काहीच न करणे हा सर्वांत वाईट उपाय होय.

फिट आलेल्याला कांदा वा चप्पल हुंगवण्याची प्रथा अजूनही दिसते. तिने काहीही साधत नाही. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. भोवतीच्या टणक वस्तू दूर कराव्यात, झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांनंतरही झटके चालू राहिले तर रुग्णालय गाठावे.

या सर्वांपुढे एक जुनी भीती आडवी येते : ‘मदत केली तर पोलीस मागे लागतील.’ ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. सद्भावनेने जखमीला उचलणाऱ्यावर खटला होत नाही. त्याने नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

सुवर्णमहोत्सवात बांधलेल्या वास्तू मोजल्या जातात, दिलेल्या देणग्या मोजल्या जातात. ते योग्यच आहे. त्याबरोबर दरवर्षी एक दिवस सभागृहात सतरंजी अंथरून, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरटी एका माणसाने हे सारे हाताने करून पाहावे. ऐकलेले संकटसमयी आठवत नाही. हाताने केलेले हात विसरत नाही. पेढीवरचा मुनीम असो, सून असो वा दहावीतला मुलगा, ज्याच्या हाताला ही सवय लागली, त्याच्या शेजारी कोसळलेला माणूस एकटा पडणार नाही.