मोर, कुत्रा आणि खोटा दाखला

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानातल्या जनावरांवर आम्ही बोलणार हे कळल्यावर आमच्या पाळीतल्या मंडळींनी टिंगल केली. "दादा, आयुष्य गेलं रिंगखात्यात, विमान बघितलं ते मान वर करून, आणि हे काय काढलंत?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण हा विषय आम्हाला याच विहारात मिळाला. रविवारच्या वाचनवर्गाला पोरे मोबाईलवर एक फोटो बघून हसत होती. विमानतळावर सामानाच्या गाडीवर ऐटीत बसलेला मोर! आम्हीही हसलो. मग धाकट्या मुलाला बसवून त्याची सगळी माहिती काढली, वाचली, आणि आमचे हसू मावळले. का मावळले, ते सांगायला आम्ही उभे आहोत.

हकिकत अमेरिकेतली आहे. जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर एक बाई मोर घेऊन आली. हा माझ्या मनाचा आधार आहे, याला माझ्यासोबत येऊ द्या, असे तिचे म्हणणे. युनायटेड एअरलाइन्सने नाही म्हटले. त्याआधी २०१४ साली कनेक्टिकट राज्यात एका बाईला तिच्या डुकरासह विमानातून उतरवले होते. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. पण विमानात मोराला जागा मागण्याची हिंमत माणसाला होते कशी? ती होते कायद्यामुळे.

१९८६ साली अमेरिकेत एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट झाला. अपंग प्रवाशाशी विमान कंपनीने भेदभाव करायचा नाही, असा तो कायदा. अंध माणसाला वाट दाखवणारा शिकवलेला कुत्रा त्याच्या पायाशी बसणार, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. योग्यच आहे. आपल्या डोळ्यांचे कोणी वेगळे तिकीट काढते का? पुढे सरकारी नियमांत आणखी एक वर्ग आला. शिकवलेला नाही, पण नुसता जवळ असला तरी ज्याच्यामुळे आजारी मनाला धीर येतो, असा प्राणी. त्याला म्हणतात इमोशनल सपोर्ट ॲनिमल. मानसोपचार करणाऱ्याची चिठ्ठी दाखवली की तोही फुकट.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे लाड. आम्हाला तसे वाटत नाही. युद्धावरून आलेला सैनिक रात्री किंचाळून उठतो. एखाद्या बाईची बंद जागेत छाती धडधडते, हातपाय गार पडतात. मनाचा आजार डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणणारे आपल्या वस्तीत काय कमी आहेत? "नाटकं करतो" म्हणतात. तेव्हा त्या कायद्यामागची भावना करुणेची होती, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण जिथे सवलत आली तिथे दलालही आलाच. साधे पाळीव कुत्रे केबिनमधून न्यायचे तर एका खेपेला साधारण १०० ते १२५ डॉलर भरावे लागत. आणि चिठ्ठी असली की एक पैसा नाही. मग चिठ्ठ्या विकणारे निघाले. घरबसल्या चार प्रश्नांची उत्तरे द्या, पैसे भरा, चिठ्ठी घ्या, कुत्र्याला घालायचे जाकीटही घ्या! विमान कंपन्यांच्या संघटनेने आकडा दिला की २०१६ साली असे ४ लाख ८१ हजार प्राणी विमानातून गेले आणि २०१७ साली ७ लाख ५१ हजार. एका वर्षात पावणेतीन लाख माणसे मनाने आजारी पडली काय?

याचे भोग कोणी भोगले? २०१७ साली अटलांटाहून सॅन दिएगोला जाणाऱ्या डेल्टाच्या विमानात अशाच एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाचा चेहरा फाडला. विमानातले कर्मचारी म्हणजे आपल्यासारखेच कामगार. ते जनावरांची घाण काढून आणि भांडणे सोडवून मेटाकुटीला आले. नियम आवळा, असे त्यांच्या युनियननेही सांगितले. आणि सगळ्यात मोठा घाव अंध माणसांवर. त्यांच्या शिकवलेल्या कुत्र्यावर दुसऱ्याचे बेशिस्त कुत्रे तुटून पडले आणि तो एकदा बिचकला, की कित्येकदा कायमचा कामातून जातो. शिवाय खरा कुत्रा घेऊन आलेल्या अंधाकडेही दारावर संशयाने बघू लागले.

शेवटी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलला आणि जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. त्याआधी लोकांच्या १५ हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. आता सेवेचा प्राणी म्हणजे फक्त कुत्रा, तोही ठरावीक काम शिकवलेला. मनाच्या आजारासाठी शिकवलेला कुत्रा अंधाच्या कुत्र्याच्या बरोबरीला आणला, ही त्यातली चांगली गोष्ट. पण नुसता धीर देणारा प्राणी पाळीव ठरवण्याची कंपन्यांना मोकळीक मिळाली. म्हणजे फी भरा. आणि कुत्रा सीटखालच्या पेटीत मावला नाही, तर त्याला केबिनमध्ये जागा नाही.

मंडळी, इथेच आमचे हसू मावळले. ज्याने चिठ्ठी विकत घेतली त्याचे काय गेले? शंभर डॉलर. जो खरा आजारी आहे आणि कुत्रा शिकवायला ज्याच्याकडे हजारो डॉलर नाहीत, त्याचा प्रवासच थांबला.

हे आम्हाला इतके का लागले, तेही सांगतो. १९९६ साली आम्ही गिरणीत नुकतेच कायम झालो होतो. मेव्हण्याच्या लग्नाला रजा मिळेना. आम्ही वीस रुपयांत आजारपणाचे सर्टिफिकेट आणले आणि वरातीत नाचलो. आमच्यासारखे बरेच होते. मॅनेजरच्या ते लक्षात आले आणि त्याने बाहेरचे सर्टिफिकेट घेणेच बंद केले. त्या पावसाळ्यात शेजारच्या फ्रेमवरचा आमचा सोबती खरोखर तापाने फणफणला. त्याचा कागद कोणी मानला नाही. खाडा पडेल म्हणून तो तापात पाळीला आला आणि फ्रेमजवळच कोसळला. महिनाभर अंथरुणावर होता. आम्ही भेटायला गेलो. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा दिला आणि विचारले, "भावजी, तुमचं सर्टिफिकेट बरं चाललं होतं?" त्याचे उत्तर आमच्याजवळ अजून नाही.

जातीच्या दाखल्याचेही तेच झाले. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लाटल्या गेल्या म्हणून २००० सालचा पडताळणी कायदा आला. अशी नोकरी किंवा प्रवेश टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बजावले. कायदा हवाच होता. पण आज वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबाच्या शाळेचा दाखला शोधत कोण फिरते? ज्याची जात खरी आहे, त्याचाच पोरगा.

म्हणून आमचे मत असे. अमेरिकेने चिठ्ठीपेक्षा शिकवणुकीला आणि वागणुकीला महत्त्व दिले, हे बरोबर केले. कागद विकत मिळतो, शिस्त विकत मिळत नाही. कुत्रा घरच्या घरी शिकवला तरी तो नियम मान्य करतो, हेही बरे. पण चाळण लावणाऱ्याने तिच्यात अडकलेल्या खऱ्या गरजवंताची सोय लावली नाही, तर काम अर्धेच झाले. गरीब आजाऱ्याला कुत्रा शिकवून मिळाला पाहिजे, आणि तो खर्च समाजाने उचलला पाहिजे.

आणि तरुण मित्रांनो, उद्या तुमच्यापुढे कोणी सोपा कागद धरील. रेल्वेच्या सवलतीचा असेल, आजाराचा असेल, उत्पन्नाचा असेल. सरकारला फसवतो, कंपनीला फसवतो, असे तेव्हा वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते. सही करण्याआधी एवढेच आठवा की रांगेत आपल्या मागे कोणीतरी खरा उभा आहे.